तेराव्या दिवशी फील्डवर्क

काका गेले तेव्हा माझी चुलत बहीण एमएसडब्ल्यूच्या पहिल्या वर्षाला होती. सुर्ल्याच्या घरात बारा दिवस माणसांची ये-जा होती. तेराव्या दिवशी मी लॅपटॉप उघडला आणि ती फील्डवर्कला गेली. माझ्यासमोर कोड होता. तिच्यासमोर, इस्पितळाच्या वॉर्डाबाहेर, नुकताच नवरा गेलेली बाई.

समाजकार्य शिकणाऱ्यांना आठवड्यातले साधारण दोन दिवस इस्पितळ, वृद्धाश्रम, वस्ती अशा ठिकाणी जावं लागतं. लोकांचं ऐकायचं आणि घरी येऊन ते सविस्तर लिहायचं. "दादा, त्या बाईचं लिहायला बसले आणि तीन ओळींनंतर बाबांचंच लिहीत होते," ती म्हणाली.

दुःखाचे पाच टप्पे तिला पाठ होते. आपण पुढच्या टप्प्यावर का जात नाही, याचीच तिला लाज वाटे. पण एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी 1969 मध्ये ते मांडले ते मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून, मागे राहिलेल्यांसाठी नव्हे. मला 1999 मधली श्ट्रोबे आणि शुट यांची मांडणी जास्त पटते. माणूस दुःख आणि रोजचं जगणं यांत ये-जा करतो, दुःखाला अधूनमधून सुट्टी लागते. जिचा अभ्यासच दुसऱ्यांचं दुःख, तिने सुट्टी कुठून आणायची?

त्यात आम्ही घरचे. "तू हेच शिकतेस ना, मग काकीला तूच सांभाळ," असं मीच फोनवर म्हणालो होतो. तिला कोण सांभाळतंय, हे विचारायचं राहूनच गेलं.

विचारलं ते तिच्या फील्डवर्कच्या मॅडमनी. या शिक्षणात मार्गदर्शकाशी नियमित भेट असते, ती फक्त कामाचा हिशेब द्यायला नसते. मॅडमनी तिला दोन महिने इस्पितळातून काढून बालवाडीत पाठवलं. हजेरी बुडाली नाही, वर्ष वाया गेलं नाही. प्रत्येकीच्या नशिबी अशा मॅडम नसतात. घरच्यांशी बोलवत नसेल तर सरकारची टेली-मानस सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र मोफत आहे. ही सेवा फक्त 'आजारी' लोकांसाठी आहे, असं समजू नका.

आपल्या देशातल्या या शिक्षणामागेही एक शोक आहे. मेहेरबाई टाटा 1931 मध्ये ल्युकेमियाने गेल्या. दोराबजींनी पुढच्या वर्षी आपली संपत्ती ट्रस्टला दिली आणि त्याच वर्षी तेही गेले. त्याच ट्रस्टने 1936 मध्ये मुंबईत समाजकार्याचं विद्यालय काढलं, तीच आजची टिस.

चवथीची माटोळी आमच्याकडे काका बांधायचे. यंदा बहीण स्टुलावर चढली, मी खालून एकेक फळ देत होतो. "बाबा नारळ आधी बांधायचे," ती म्हणाली आणि रडली. एरवी मी विषय बदलला असता. या वेळी नारळ हातात धरून उभा राहिलो.