बदलत्या व्हेंच्युरीचा कार्बोरेटर
हवेच्या वाटेतील ज्या अरुंद भागात वेग वाढून दाब घटतो आणि पेट्रोल ओढले जाते, त्याला व्हेंच्युरी म्हणतात. तिचे माप सहसा ठरलेले असते, परंतु अमेरिकेत फोर्डने १९७७ पासून मोटारींवर आणि पुढे काही हलक्या ट्रकांवर बसवलेल्या मोटरक्राफ्ट २७०० व्हीव्ही कार्बोरेटरमध्ये ते इंजिनाच्या गरजेनुसार बदलते. निर्वाताने ओढला जाणारा लवचीक पडदा, म्हणजे डायफ्रॅम, व्हेंच्युरीची झडप सरकवतो आणि तिला जोडलेल्या निमुळत्या सुया जेटमधील पेट्रोल मोजतात. ही रचना कल्पक असली तरी नाजूक आहे. इंजिन वेग घेताना अडखळत असेल, तर पडदा फाटला आहे का, झडप चिकट थराने अडकते का आणि नळ्यांतून हवा शिरते का, हे आधी तपासावे. गळती राहिली तर स्क्रू फिरवून केलेले ट्यूनिंग टिकत नाही.