जखमेवरची जाळी कोणत्या प्राण्याची? आधीच विचारा

शुगरमुळे पायाची जखम चिघळली किंवा भाजलेलं भरून येईना, की डॉक्टर कधी कधी ‘जैविक जाळी’ लावू या म्हणतात. अशा बऱ्याच जाळ्या प्राण्यांच्या अवयवांपासून बनतात. मग जुने नाशिक असो वा वडाळा गाव, आपल्या घरांत पहिला प्रश्न येतो: ही डुकराची तर नाही ना?

प्रश्न रास्त आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत तयार झालेल्या ‘कोलेडर्म’ला २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मंजुरी जाहीर झाली. ती डुकराच्या पित्ताशयापासून बनते.

परक्या प्राण्याचा तुकडा शरीर सहन कसा करतं? आपली प्रतिकारशक्ती मुख्यतः परक्या पेशींवर चिडते. त्यांच्यावर ‘अल्फा-गॅल’ नावाची साखर असते. ती माणसात नसते आणि तिच्याविरुद्धची प्रतिपिंडं आपल्या रक्तात आधीच तयार असतात. म्हणून तुकडा धुऊन पेशी काढून टाकतात. उरतो कोलेजनचा सांगाडा. सस्तन प्राण्यांत कोलेजन बरंचसं सारखंच असतं.

तरीही शरीर गप्प बसत नाही. मॅक्रोफेज नावाच्या पहारेकरी पेशी धावून येतात. जाळी नीट धुतलेली असेल तर त्या हल्ला सोडून दुरुस्तीला लागतात. जाळी हळूहळू विरते आणि तिथे आपलंच मांस भरतं. धुण्यात कसूर राहिली तर मात्र घात होतो. २००१ साली युरोपात चार मुलांना डुकराच्या अशाच धुतलेल्या हृदयझडपा बसवल्या. तीन मुलं दगावली. तपासणीत तीव्र दाह आणि राहून गेलेल्या पेशी आढळल्या.

आता दीनचा प्रश्न. पेशी गेल्या तरी कोलेजन त्याच प्राण्याचं राहतं. शरीराने स्वीकारलं म्हणजे शरीअतचा प्रश्न सुटला, असं नाही. वस्तूचं मूळ रूपच पालटलं (इस्तिहाला) असं म्हणता येईल का, यावर उलेमांत मतभेद आहेत. सूरह अल-बकराच्या १७३व्या आयतीत मजबुरीला सवलत आहे. पण दुसरा इलाज हाताशी असेल तर ती मजबुरी कशी? गाय-बैलाच्या आणि माशाच्या कातडीच्या जाळ्या असतात. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या ऊतक पेढीत बाळंतपणातल्या गर्भपिशवीच्या पडद्यापासून पट्ट्या बनतात.

म्हणून डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: जाळी कोणत्या प्राण्याची, दुसरी चालेल का, आणि किती दिवस थांबता येईल? ती उत्तरं घेऊन मुफ्तीसाहेबांकडे जा. मात्र विचारपूस चालू असताना ड्रेसिंग आणि औषधं बंद करू नका. शुगरच्या जखमेत उशीर झाला, तर पाय गमवावा लागतो.