भोंगा कसा रेकॉर्ड करणार?

लालबाग, परळ, भायखळा, वरळी, डिलाइल रोड : मुंबईचं गिरणगाव. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतल्या माध्यमशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी गटागटाने इथे लघुमाहितीपट केले. ‘गिरण मुंबई’ हा त्यांचा संग्रह.

असा माहितीपट करताना कॅमेऱ्याला गिरण्यांच्या चिमण्या आणि टॉवर एकाच चौकटीत सहज मिळतात, म्हणूनच त्या दृश्याचा आता कंटाळा येतो. खरी कसोटी आवाजाची. गिरणीचा भोंगा बंद, साचे भंगारात. उरतात बोलणारी माणसं. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यातले बरेच जण आज सत्तरीपुढचे, म्हणजे घाई करायला हवी.

कागदपत्रांत पाहायचं ते विकास नियंत्रण नियमावलीतलं कलम ५८. १९९१मध्ये गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले : मोकळी जागा, म्हाडाची घरं आणि मालक. २००१च्या दुरुस्तीने ही वाटणी बांधकाम नसलेल्या जागेपुरतीच उरली. २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. नकाशावर दाखवायला याहून चांगला विषय नाही.

आणि खाणावळी. एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवू घालणाऱ्या बायकांसाठी प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. पुरुषांच्या मुलाखतींत या बायका फारशा येत नाहीत. त्यांना वेगळं भेटावं लागतं.