घर लहानग्यांच्या मापाचे (लेखांक ६) : पाय कुठे टेकणार?

मूल शी-शूच्या सवयीसाठी तयार झाले आहे हे कसे ओळखावे, याची चर्चा मागच्या लेखांकात झाली. त्या खुणा दिसू लागल्या की घरात लगेच पुढचा प्रश्न निघतो : त्याला बसवायचे कशावर? दुकानात निवडीला तोटा नाही. बदकाच्या आकाराची पॉटी, गाणे वाजवणारी पॉटी, कमोडवर ठेवायची गादीची कडी, शिडी जोडलेली बैठक. आईवडील रंग पाहतात, किंमत पाहतात, धुवायला सोपी आहे का ते पाहतात, आणि मुलाच्या शरीराच्या दृष्टीने जे सर्वांत महत्त्वाचे ते बहुधा पाहायचे राहून जाते. बसल्यावर त्याचे पाय कुठे टेकणार? बैठक कोणतीही घ्या, पण निवडीची सुरुवात पायांपासून करा, असे माझे म्हणणे आहे. पाय भक्कम टेकत असतील तर स्वस्तातली बैठकही चालून जाते. पाय लोंबकळत असतील तर महागडी बैठकही मुलाचे काम अवघड करते.

याचे कारण शरीराच्या रचनेत आहे. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाला, म्हणजे मलाशयाला, प्युबोरेक्टॅलिस नावाचा एक स्नायू मागून वेढा घालतो आणि पुढे ओढून धरतो. या ओढीमुळे मलाशय आणि गुदद्वार यांच्यामध्ये एक कोन तयार होतो आणि, दुमडलेल्या रबरी नळीतले पाणी अडावे तसा, मल वरच अडून राहतो. शौचाच्या वेळी हा स्नायू सैल सुटावा लागतो. उकिडवे बसल्यावर मांड्या पोटाकडे येतात, कोन उलगडतो आणि वाट सरळ होते. खुर्चीवर बसावे तसे बसल्यावर ती तितकी सरळ होत नाही. इथवरचे मोठ्यांनाही लागू आहे. मुलाच्या बाबतीत यात आणखी भर पडते. उंच कमोडवर, मोठ्या भोकाच्या कडेला, पाय अधांतरी ठेवून बसलेल्या मुलाला आधी स्वतःचा तोल सांभाळायचा असतो. ते दोन्ही हातांनी कड धरते, मांड्या आवळते, नितंब घट्ट करते, आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायूही त्या आवळण्यात ओढले जातात. जे सैल सोडायला आपण त्याला शिकवत असतो, तेच पडू नये म्हणून त्याला घट्ट धरावे लागते. जोर लावायचा तर पायांना खाली काही टेकायला हवे, तेही नसते.

यामागे मोजमाप आहे. इस्रायलमधील डॉ. डॉव्ह सिकिरोव्ह यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २८ निरोगी माणसांनी तीन प्रकारे बसून प्रत्येक वेळी लागलेला वेळ नोंदवला. नेहमीच्या उंचीच्या कमोडवर सरासरी १३० सेकंद लागले, कमी उंचीच्या कमोडवर ११४ आणि उकिडवे बसून ५१. शिवाय उकिडवे बसल्यावर जोरही कमी लावावा लागतो, असे या मंडळींनी सांगितले. यावर कोणी म्हणेल की ही मोठी माणसे होती आणि संख्याही थोडी होती. आक्षेप रास्त आहे. एवढ्यावरून मुलांबद्दल नियम ठरवता येणार नाही. परंतु १९९१ मध्ये स्कँडिनेव्हियातील मूत्रविकारशास्त्राच्या नियतकालिकात निरोगी मुलींवरचा एक अभ्यास आला होता. त्यात त्वचेवर विद्युतपट्ट्या लावून ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा ताण मोजला होता, आणि पायांना आधार मिळाल्यावर ते स्नायू अधिक सैल होतात असे दिसले. मुलांच्या मूत्र-मलनियंत्रणावर काम करणारे तज्ज्ञ आज पाय टेकवून, मांड्या फाकवून, थोडे पुढे झुकून बसायला सांगतात ते याच धर्तीवर. मुलींच्या बाबतीत चड्डी गुडघ्यांवर न ठेवता घोट्यांपर्यंत खाली करावी, म्हणजे मांड्या मोकळ्या राहतात आणि लघवी अडून मागाहून ठिबकत नाही.

आता घरातली टेप हातात घ्या. कमोडची बैठक जमिनीपासून साधारण ४० सेंटीमीटर उंच असते. दोन वर्षांच्या मुलाची उंची साधारण ८५ ते ८७ सेंटीमीटर, आणि टाचेपासून गुडघ्यामागच्या वळणापर्यंतचे अंतर उंचीच्या पाव हिश्श्याच्या आसपास, म्हणजे जेमतेम २० सेंटीमीटर. पाय जमिनीपासून वीतभर वर लोंबकळणार हे उघड आहे. गुडघे कमरेपेक्षा किंचित वर यायचे तर पायांखाली २० ते २५ सेंटीमीटर उंचीचे काही हवे.

सुरुवातीला जमिनीवर ठेवायची बुटकी पॉटी सर्वांत सोपी, कारण तिथे पाय आपोआप टेकतात आणि मूल स्वतः बसते, स्वतः उठते. अमेरिकी बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ मध्ये १,१७० मुलांच्या नोंदींवर आधारलेला लेख लिहिला, त्यातही मुलाची स्वतःची छोटी खुर्ची हाच पहिला टप्पा आहे : आधी कपड्यांसकट नुसते बसायचे, पुढचे सगळे सावकाश. पॉटी घेताना तिचा तळ रुंद असावा, मूल पुढे वाकले तरी ती कलंडू नये, आणि बसल्यावर गुडघे वर यावेत इतकी ती बुटकी असावी. गाणी आणि दिवे नसलेलेच बरे. मुलाचे लक्ष स्वतःच्या पोटातल्या कळेकडे जायला हवे. पॉटीवर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला, आज पॉटी शिकवा आणि उद्या पुन्हा कमोड शिकवा, असे दुहेरी काम होते. पण मुलाला मुख्यतः शिकायचे असते ते कळ ओळखणे आणि स्नायू सैल सोडणे. ते एकदा जमले की जागा बदलणे तुलनेने हलके जाते. दुसरा आक्षेप स्वच्छतेचा, आणि तो खरा आहे. लहान मुलाची शी निरुपद्रवी असते हा समज चुकीचा आहे. तिच्यातूनही रोगजंतू पसरतात. पॉटी प्रत्येक वेळी संडासातच रिकामी करायची, धुवायची आणि हात साबणाने धुवायचे. ज्या घरात हे दिवसातून अनेकदा करायला माणूस नाही, त्यांनी सरळ कमोडवरची बैठक निवडावी.

ती निवडताना मात्र स्टूल हा बैठकीचाच भाग समजावा. गोल कमोडची कडी लांबट कमोडवर नीट बसत नाही, म्हणून आधी कमोडचे माप घ्या आणि कडी हाताने हलवून पाहा. ती सरकली तर मूल सैल होऊन बसणारच नाही. गादीच्या बैठकीची शिवण उसवली की आत ओल धरते, त्यापेक्षा गुळगुळीत प्लास्टिक बरे. आपल्याकडच्या न्हाणीघराची फरशी बहुतेक वेळा ओली असते, त्यामुळे स्टूलला रबरी पाय हवेतच आणि तो दोन्ही पावले सैलपणे मांडता येतील इतका रुंद हवा. शिडी जोडलेल्या बैठकी दिसायला सोयीच्या, पण अनेकींची पायरी इतकी अरुंद असते की चढायला पुरते आणि पाय टेकायला पुरत नाही. विकत घेण्याआधी मुलाला कपड्यांसकट त्यावर बसवून पाहावे. घर लहान असेल तर घरातला भक्कम चौरंग तळाला रबर लावून चालतो, आणि तोच बेसिनपाशी हात धुवायलाही कामी येतो.

मग भारतीय बैठकीच्या संडासात तर हा प्रश्नच नाही, असे वाटेल. अर्धे खरे आहे. दोन वर्षांचे मूल टाचा टेकवून सहज उकिडवे बसते, आणि ही त्याची क्षमता टिकवण्यासारखी आहे. पण पॅनवरच्या पावलांच्या जागा मोठ्यांच्या मापाने ठेवलेल्या असतात. मुलाला पाय नको तितके फाकवावे लागतात, खाली भोक, फरशी निसरडी, आणि पुन्हा तेच आवळून धरणे सुरू होते. अंगणवाड्यांसाठी बालस्नेही शौचालयाची कल्पना मांडली गेली, त्यात लहान पॅनचा आग्रह आहे तो यासाठीच. जुन्या पद्धतीत आजी पाय पसरून बसते आणि बाळाला आपल्या दोन पावलांवर बसवते. तिथे बाळाच्या मांड्या वर येतात, अंग आधाराने टेकलेले असते, पडण्याची भीती उरत नाही. आजच्या तज्ज्ञांची शिफारस याहून फार निराळी नाही. भारतीय पॅन असलेल्या घरात सुरुवातीला बुटकी पॉटी वापरावी, आणि मूल तीनच्या पुढे गेले की भिंतीला त्याच्या हाताच्या उंचीवर दांडी बसवून किंवा समोरून हात धरून पॅनची सवय करावी. बालवाडीत, रेल्वेत, गावी कोणता संडास मिळेल सांगता येत नाही. दोन्ही जमायला हवेत.

सर्वांत जुना आक्षेप असा, की आजवर मुले कशीही बसून शिकलीच ना? बरीच शिकली. ज्याची शी मऊ होते ते मूल पाय लोंबकळतानाही निभावून नेते. अडचण होते ती कडक शी होणाऱ्या मुलाची. एकदा दुखले की ते पुढच्या वेळी धरून ठेवते. पडद्याआड जाऊन पायाला पाय आवळून ताठ उभे राहते, आणि मोठ्यांना वाटते की ते जोर लावते आहे. धरलेल्या मलातले पाणी आतडे शोषत राहते, मल आणखी कडक होतो, पुढची वेळ आणखी दुखरी. हे लांबले तर मलाशय ताणले जाते, कळ जाणवेनाशी होते आणि पातळ मल कडेने झिरपून चड्डी खराब करतो. मूल मुद्दाम करते असे समजून त्याला रागावले जाते, आणि हा अन्याय थांबायला हवा. इथे स्टूल एकट्याने पुरणार नाही. अशा मुलाला बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे, औषध सुचवले तर मध्येच बंद करू नये, आणि जेवणानंतर आतड्यांची हालचाल वाढते त्या सुमारास, पाचेक मिनिटे, पाय टेकवून, धाकाविना बसवावे. कोणते मूल या वाटेला जाईल हे आधी कळत नाही, आणि स्टूलाचा खर्च फार नसतो.

राहता राहिला प्रश्न, स्टूल किती दिवस ठेवायचा. डायपर सुटले, कडीची गरज संपली की तो माळ्यावर जातो. पण तोच हिशेब पुढे चालवून पाहा. आठ वर्षांच्या मुलाची उंची साधारण १२७ सेंटीमीटर, म्हणजे गुडघ्यामागपर्यंत सुमारे ३२. ४० सेंटीमीटरच्या कमोडवर त्याचेही पाय जमिनीला पुरते लागत नाहीत. पाय पूर्ण टेकायला उंची १६० च्या आसपास जावी लागते. तेव्हा कडी निघाली तरी स्टूल तिथेच असू द्यावा, आणि मूल वाढेल तसा उंचऐवजी बुटका आणावा.

(पुढील लेखांकात : रात्रीचे ओले अंथरूण)