निकाल लागला, पण हिशेब जुळला का?

गुलाल एका आंघोळीत निघतो. निकालाविषयी मनात बसलेली शंका मात्र पाच वर्षे निघत नाही. जळगाव-धुळ्याकडे ग्रामपंचायत असो, नगरपालिका असो की महानगरपालिका, निकालानंतर दोन वाक्ये हमखास कानी पडतात. हरलेला म्हणतो, "मशीनने घात केला." जिंकलेला म्हणतो, "हरले की सगळे असेच बोलतात." मग दोघे आपापल्या घरी जातात आणि विषय तेथेच संपतो.

आम्ही पेशाने कारकून. वाणिज्य शाखेत आम्ही जे थोडेफार शिकलो त्याचे सार एवढेच की, विश्वास तोंडी नसतो. पावती असावी, नोंद असावी, दोन वह्यांतले आकडे जुळावेत, म्हणजे विश्वास आपोआप बसतो. मतांचेही तसेच आहे. आयोगावर डोळे झाकून विश्वास ठेवा असे कोणी म्हटले म्हणून तो ठेवता येत नाही, आणि सगळेच खोटे आहे असे म्हटल्याने गेलेले मतही परत येत नाही.

बाबासाहेबांनी काय केले?

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत उत्तर मुंबईतून बाबासाहेबांचा पराभव झाला. हजारो मते बाद ठरली होती. घटनेचे शिल्पकारच पराभूत झाले म्हणून केवढा संताप उसळला असेल! परंतु बाबासाहेब आणि समाजवादी नेते अशोक मेहता यांनी रीतसर निवडणूक अर्ज दाखल केला. निकाल बदलला नाही. पण शंका आली तर ती कागदावर, पुराव्यासह आणि योग्य त्या ठिकाणी मांडावी, हा धडा त्यातून घेण्यासारखा आहे.

याच बाबासाहेबांनी जून १९४९ मध्ये घटना समितीत निवडणूक आयोगाचे कलम मांडले. आयोग सरकारच्या मुठीत नसावा हा त्यामागचा हेतू होता. त्याच चर्चेत, अयोग्य माणूस आयुक्तपदी नेमला जाऊ नये अशी तरतूद मसुद्यात नाही, हेही त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. ही भीती निराधार नव्हती. गोव्यात सरकारच्या कायदा सचिवाकडेच राज्य निवडणूक आयुक्तपदाचा जादा कार्यभार दिला गेला. सरकारी नोकराला असे पद देता येणार नाही, आयुक्त स्वतंत्रच असला पाहिजे, असे १२ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले.

आयोग एक नव्हे, दोन

आपल्यातील पुष्कळ सुशिक्षित मंडळीही येथे गफलत करतात. लोकसभा-विधानसभेच्या निवडणुका भारत निवडणूक आयोग घेतो. ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंतच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाकडे असतात. ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर, १९९४ साली महाराष्ट्रात हा आयोग स्थापन झाला. मतदार यादी मात्र विधानसभेचीच घेतली जाते आणि ती प्रभागानुसार फोडली जाते. म्हणून विधानसभेच्या यादीत नाव नसेल, तर नगरपालिकेच्या वेळी ऐनवेळी आरडाओरडा करून उपयोग होत नाही.

दुसरा फरक पावतीचा. लोकसभा-विधानसभेला मशीनशेजारच्या काचेत सात सेकंद चिठ्ठी दिसते. तिला व्हीव्हीपॅट म्हणतात. महाराष्ट्रात २०२५ च्या नगरपालिका निवडणुकांत ती नव्हती. बहुसदस्य प्रभागात एकाच मतदाराने अनेक मते द्यायची असल्याने तांत्रिक अडचण आहे, असे आयोगाचे म्हणणे. अडचण असेलही; पण पावतीशिवाय व्यवहार झाला की ग्राहकाला शंका येणारच. ती शंका घेणाऱ्याला वेड्यात काढणे योग्य नव्हे.

खानदेशातील तीन गोष्टी

पहिली गोष्ट आयोगाच्या बाजूची. नंदुरबार जिल्हा १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच होता. तेथील खोंडामळी गावात आणि नाशिक जिल्ह्यातील उमराणे येथे सरपंचपदाचा लिलाव झाल्याचे उघडकीस आले. जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही ग्रामपंचायतींची निवडणूकच रद्द केली. लिलावात बोली लावण्याइतका पैसा ज्याच्याजवळ नाही, त्या गरिबाचे मत येथे आयोगाने वाचविले. चांगले केले, ते चांगले म्हटलेच पाहिजे.

दुसरी गोष्ट वाट पाहण्याची. २ डिसेंबर २०२५ रोजी राज्यात नगरपरिषदा-नगरपंचायतींचे मतदान झाले. मोजणी दुसऱ्याच दिवशी होती. पण काही ठिकाणचे मतदान २० डिसेंबरला ढकलले गेले होते. आधीच्या निकालाचा परिणाम नंतरच्या मतदानावर होऊ नये म्हणून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सर्व मोजणी २१ डिसेंबरला ठेवली. कारण रास्त होते. परंतु एकोणीस दिवस मशीन कुलपात राहिले की लोकांच्या मनात प्रश्न येणार. कार्यक्रम आधीच नीट आखला असता तर ही वेळ आली नसती.

तिसरी गोष्ट मतदानच न झाल्याची. त्याच निवडणुकीत जळगाव जिल्ह्यातील जामनेरला नगराध्यक्षपद बिनविरोध झाले आणि धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा-वरवाडे नगरपरिषदही बिनविरोध झाली. पुढे जानेवारी २०२६ च्या महानगरपालिका निवडणुकीत जळगाव व धुळे येथेही काही जागा बिनविरोध गेल्या. बिनविरोध निवड कायद्याने वैध आहे. मात्र जेथे मतदानच नाही, तेथे 'नोटा'चे बटणही नाही. सर्वांहून जास्त मते नोटाला पडली तर फेरनिवडणूक घ्यावी, असा आदेश याच आयोगाने २०१८ साली काढला होता. तो अधिकार बिनविरोध प्रभागातील मतदाराला मिळतच नाही. माघार स्वखुशीने घेतली की दडपणाने, याची चौकशी करून ती लोकांपुढे ठेवणे हे आयोगाचे काम आहे.

एका बूथचा आकडा

हरियाणातील पानिपत जिल्ह्यात बुआना लाखू नावाचे गाव आहे. २ नोव्हेंबर २०२२ रोजी तेथे सरपंचपदाची निवडणूक झाली आणि कुलदीप सिंह निवडून आल्याचे जाहीर झाले. मोहित कुमार यांनी एका बूथच्या आकड्याला हरकत घेतली. ते कोर्टात गेले आणि चिकाटी सोडली नाही. अखेर सर्वोच्च न्यायालयाने मशीन दिल्लीला मागवून आपल्याच आवारात, ६ ऑगस्ट २०२५ रोजी, सर्व बूथांची फेरमोजणी करवली. मोहित कुमार यांना १०५१ मते आणि कुलदीप सिंह यांना १००० मते निघाली. ११ ऑगस्टला निकाल फिरला.

याचे दोन अर्थ आहेत. आकडा चुकू शकतो, हा पहिला. आणि कागद धरून बसले तर तो दुरुस्तही होतो, हा दुसरा. मात्र पाच वर्षांच्या मुदतीपैकी पावणेतीन वर्षे त्यात गेली, हेही विसरता येत नाही.

मुदत लक्षात ठेवा

निकाल जाहीर झाल्यावर आयोगाकडे किंवा कलेक्टर साहेबांकडे निवेदन देऊन निवड रद्द होत नाही. त्यासाठी निवडणूक अर्जच करावा लागतो आणि त्याची मुदत फार थोडी असते. ग्रामपंचायतीसाठी निकालापासून १५ दिवसांत दिवाणी न्यायाधीशांकडे जावे लागते. जिल्हा परिषद व पंचायत समितीसाठीही १५ दिवसच मिळतात. नगरपरिषद व महानगरपालिकेसाठी तर केवळ १० दिवस असतात. आपली माणसे पहिला आठवडा रडण्यात आणि दुसरा मोर्चा काढण्यात घालवतात. तोवर कोर्टाचे दार बंद झालेले असते.

म्हणून वस्तीतील कार्यकर्त्यांनी आतापासूनच चार कामे करावीत. प्रारूप मतदार यादी आली की घरोघरी वाचून दाखवावी. सासरी आलेल्या सुनांची आणि अठरा पूर्ण झालेल्या मुला-मुलींची नावे तपासावीत. मतदान प्रतिनिधी म्हणून केवळ ओळखीचा नव्हे, तर आकडे लिहिता येणारा माणूस बसवावा. बारावी, बी. ए. झालेल्या आपल्या मुली घरी आहेत, त्यांना हे काम द्या. त्या चोख करतील. मतदान संपताच एकूण किती मते नोंदली गेली तो आकडा आणि मशीनचा क्रमांक लिहून घ्यावा, त्याची प्रत मागावी. मोजणीच्या टेबलावर तोच आकडा ताडून पाहावा आणि फरक दिसला तर निकाल जाहीर होण्यापूर्वीच फेरमोजणीचा अर्ज लेखी द्यावा.

आयोगाने आपली वही उघडी ठेवावी, ही मागणी आपण करीतच राहू. पण त्याच्या वहीशी ताडून पाहायला आपलीही वही हवी. दोन्ही वह्या जुळल्या तर हरलेल्यानेही जिंकलेल्याच्या घरी जाऊन हार घालावा. न जुळल्या तर दहा दिवसांच्या आत कोर्टाची पायरी चढावी. गल्लीत कुजबुजत बसू नये.