घोड्यावरचे बिऱ्हाड

आपण चार दिवसांसाठी लग्नाला गेलो तरी आई दोन पिशव्या भरते आणि धाकट्याचे टोपडे घरीच राहते. पण काही माणसे लहान पोरांना घेऊन वर्षातले सहा-सात महिने वाटेवरच असतात. ती म्हणजे देशावरचे मेंढपाळ धनगर. गेल्या डिसेंबरात लग्नासाठी आम्ही आतेकडे रायगड जिल्ह्यात पेणजवळ गेलो होतो. तेव्हा त्यांचा वाडा आतेच्या दिरांच्या शेतात उतरला होता. तिथे जे पाहिले आणि विचारले ते लिहिते.

वाडा म्हणजे घर नव्हे. चार-पाच बिऱ्हाडे मिळून फिरतात, त्याला ते वाडा म्हणतात. आपल्या जिल्ह्यात डोंगरात धनगरवाडे आहेत. तिथले गवळी धनगर म्हशी पाळतात आणि एका जागी राहतात. ते निराळे.

हे लोक सातारा जिल्ह्यातल्या फलटणकडचे होते. तिथे वर्षाला सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या सिंधुदुर्गात ३००० मिलिमीटरहून जास्त पडतो. दिवाळी झाली की त्यांच्या माळावरचे गवत संपत येते. कोकणात तेव्हा भात कापून शेते मोकळी झालेली असतात. म्हणून ते घाट उतरून खाली येतात. मग इथेच का राहत नाहीत, असे मी विचारले. त्यांची आजी म्हणाली, "तुमचा पाऊस मेंढराला सोसत न्हाई बाय. खूर कुजत्यात." म्हणून पावसाच्या आधी परत वर जायचे. जाऊन येऊन ४०० किलोमीटर तरी होतात, तेही सरळ रस्त्याने. मेंढरू काही सरळ चालत नाही.

आता घोड्याचे सांगते. तेच मला सर्वांत आवडले. घोडा लहानसा असतो, तट्टूच. त्याच्या पाठीवर आधी जुने घोंगडे घालतात. मग दोन्ही बाजूंना धान्याची पोती, सारख्या वजनाची. एक जड झाले तर सगळे बिऱ्हाड कलंडेल! त्यावर भांडी, तवा, पाण्याची कळशी आणि तंबूचा कागद. त्यावर वाकळा. वाकळांच्या मध्ये खळगा करून त्यात लहान मूल बसवतात आणि दोरीने बांधतात. शेजारी पाय बांधलेली कोंबडी आणि काल जन्मलेले कोकरू, कारण त्यालाही चालवत नाही. मी म्हटले, "पोर पडत नाही?" त्याची आई म्हणाली, "जागं असलं तर धरून बसतं. झोपलं तर पडंल, म्हणून बांधायचं." पाच-सहा वर्षांपासूनची मुले चालतात.

सकाळी पुरुष मेंढरे घेऊन रानातून चरत चरत जातात. बायका घोडे आणि मुले घेऊन रस्त्याने पुढच्या गावी जातात. म्हणजे मुलांचे सगळे बायकांवरच. त्यांना वाघाची भीती वाटत नाही, कुत्रे असतात. पण मुंबई-गोवा महामार्ग ओलांडायचा असला की भीती वाटते. तिथे गाड्या थांबत नाहीत. आता कोणी कोणी टेंपोत सामान घालतात, पण टेंपोला डिझेल लागते आणि घोडा गवत खातो.

रात्री मेंढरे जाळीत कोंडून शेतात बसवतात. लेंडी आणि मूत यांचे चांगले खत होते. आतेच्या दिरांनी त्याबद्दल एका रात्रीला दोन पायली तांदूळ दिले. काही गावांत पैसे देतात. मुलांना शेळीचे दूध मिळते. लस कुठल्याही सरकारी दवाखान्यात फुकट टोचतात. त्याचे कार्ड त्या आईने प्लास्टिकच्या पिशवीत घालून वाकळेत शिवले होते.

त्यांच्यात माझ्याएवढी एक मुलगी होती. कडेवर दोन वर्षांचा भाऊ. तिने मला पहिल्यांदा विचारले, "तुमचा कितवा धडा चाललाय?" मी सांगितला. तिचे दिवाळीपर्यंत चार धडे झाले होते. नंतर वाडा निघाला. तिचा मोठा भाऊ गावी आजोबांकडे राहून वर्षभर शाळेत जातो. ती आली, कारण धाकट्याला धरायला कोणीतरी हवे. माझाही भाऊ दोन वर्षांचा आहे. मी शाळेत येते तेव्हा त्याला आजी बघते.

परत आल्यावर मी गुरुजींना विचारले. ते म्हणाले, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ६ ते १४ वर्षांच्या मुलाला वर्षाच्या मध्येही शाळेत घ्यावे लागते. दाखला नसला तरी परत पाठवता येत नाही. हे खरे आहे. आमच्या वर्गात चिरेखाणीवरची दोन मुले अशीच दिवाळीनंतर येतात आणि पावसाआधी जातात. एकजण तर गणितात माझ्यापुढे आहे. पण खाण एका जागी असते. वाडा दोन दिवसांनी हलतो. सोमवारी नाव घातले तर बुधवारी गाव दुसरे! भटक्या जमातींच्या मुलांसाठी आश्रमशाळा आहेत, तिथे राहून शिकता येते. ते त्या मुलीला ठाऊक होते. ती म्हणाली, "मी तिथं गेले तर ह्याला कोण धरंल?" मला काही बोलता आले नाही.

मी तिला पाचवा धडा वाचून दाखवला. सहावा उद्या वाचू असे ठरले होते. पण दुसऱ्या दिवशी मी उठून गेले तर शेतात चुलीचे तीन दगड आणि लेंड्याच होत्या. आतेचे दीर म्हणाले, "दगड असू देत. मे महिन्यात परत जाताना इथंच उतरतात."