केकवरचा हत्ती उभा कसा राहतो?

फॉन्डंट म्हणजे पिठीसाखर, ग्लुकोज सिरप, जिलेटिन आणि ग्लिसरीन. ग्लिसरीन ओलावा धरून ठेवतं, म्हणून गोळा लोण्यासारखा मळता येतो. पण त्यामुळेच नुसत्या फॉन्डंटचा हत्ती स्वतःच्या वजनाने बसकण मारतो. त्यात चिमूटभर सीएमसी पावडर मळतात. सेल्युलोजपासून बनवलेला हा घट्टपणा आणणारा पदार्थ पाणी बांधून घेतो आणि वाळल्यावर पाय कडक होतात.

तरी मुंबईच्या पावसाळ्यात हत्तीला घाम फुटतोच, कारण साखर हवेतला दमटपणा ओढते. फ्रिजमधून काढलेल्या केकवर तर बाष्प साचून रंगही ओघळतात. म्हणून प्राणी आधीच बनवून कोरड्या जागी वाळवावेत आणि अगदी शेवटी केकवर बसवावेत. सोंडेच्या आधाराला टूथपिकऐवजी कच्ची स्पॅगेटी घालावी. कारण मुलं आधी डोकंच खातात.